सामुराईच्या पायांचं चिलखत: नडगीवरचं लोखंड आणि त्याखालचं कापड

धागाकर्ता: गडवाट

तोड्याच्या बंदुकांच्या धाग्यावर एकांनी विचारलं होतं की सामुराईच्या नडगीवर उभ्या लोखंडी पट्ट्या दिसतात, मग पोटरी उघडी का? उत्तर लिहायला बसलो तर ते तिथे मावेना, म्हणून हा वेगळा धागा. विषय माझ्या फार आवडीचा आहे, त्यामुळे लांबण लागेल.

आधी नावं सांगतो, नाहीतर पुढे घोळ होईल. धडाच्या चिलखताला दोऱ्यांनी जोडलेल्या, कमरेखाली लोंबणाऱ्या झडपा म्हणजे कुसाझुरी. त्यांच्या आत, मांडीवर बांधायचं, मधून चिरलेलं आच्छादन म्हणजे हाइदाते. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सुनेआते. पावलावर कधीकधी कोगाके नावाचं लोखंडी आवरण असे, पण ते थोड्यांकडेच. बाकीच्यांच्या पायात ताबी मोजे आणि गवताच्या वाराजी चपला.

आता पोटरी. सामुराई मुळात घोड्यावरून बाण मारणारा योद्धा. हेइआन काळातलं, म्हणजे साधारण दहाव्या ते बाराव्या शतकातलं त्याचं ओयोरोई चिलखत पूर्णपणे खोगिरावर बसण्याच्या हिशोबाने केलेलं असे. त्याला चारच कुसाझुरी, पण प्रत्येक भलीमोठी. तीन धडाला जोडलेल्या आणि उजवीकडची चौथी वाइदाते नावाच्या वेगळ्या तुकड्याला. स्वार खोगिरावर बसला की या चार झडपा चारही बाजूंनी मांड्या झाकत. त्यामुळे वेगळ्या हाइदातेची गरज नव्हती. नडगीला तीन वाकवलेल्या पत्र्यांचं साधं सुनेआते, तेही गुडघ्याच्या खाली संपणारं. पोटरी घोड्याच्या अंगाला टेकलेली. तिथे लोखंड लावलं तर घोड्याला टोचणार, स्वाराची पकड सुटणार, आणि वार तर तिथे पोचतच नाही.

तोच माणूस घोड्यावरून उतरला की सगळं बदलतं. चार जड झडपा चालताना आडव्या येतात. पायी लढणाऱ्यांसाठी जे दोमारु चिलखत होतं त्याला आठ कुसाझुरी असत, हारामाकीला सात. झडपा अरुंद झाल्या की पाय मोकळा पडतो, पण मधल्या फटीही वाढतात. चौदाव्या शतकात लढाया जमिनीवर आल्या, नागिनाता म्हणजे लांब दांड्याचं वाकडं पातं पायांवर फिरू लागलं. त्याच काळात सुनेआतेला वर गुडघ्याची ढाल फुटली, तिला तातेआगे म्हणतात. काही सुनेआतेंवर ती इतकी वर चढते की मांडीचा खालचा भागही झाकला जातो. हाइदातेही याच सुमारास दिसू लागतं आणि सोळाव्या शतकातल्या तोसेइ गुसोकु चिलखतांत तर ते सर्रास असतं. म्हणून मला वाटतं, एखादं चिलखत कोणत्या प्रकारच्या लढाईसाठी जन्माला आलं हे ओळखायचं असेल तर शिरस्त्राणाच्या शिंगांपेक्षा गुडघा आणि मांडी बघावी. शिंगं हौसेची असू शकतात. गुडघा गरजेपोटी झाकला जातो.

बांधणीकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. सोळाव्या शतकातलं सर्वांत जास्त दिसणारं रूप म्हणजे शिनो सुनेआते. बोटभर रुंदीच्या, नडगीच्या आकाराप्रमाणे किंचित वाकवलेल्या लोखंडी पट्ट्या उभ्या मांडायच्या आणि मधल्या जागेत कड्यांची जाळी भरायची. जपानी जाळी बहुधा अशी असते: गोल कड्या सपाट बसतात आणि लंबगोल कड्या त्यांना एकमेकींशी बांधतात. ही सगळी रचना इएजी नावाच्या कापडावर शिवलेली असते. बाहेरून रेशमी किनखाप किंवा निळीत रंगवलेलं जाडंभरडं कापड, आत तागाच्या जातीचं मजबूत अस्तर, कडेने कातड्याची गोट. वर आणि खाली बांधायला नाड्या.

तातेआगे पाहिलं तर त्यावर पत्रा दिसतच नाही, नुसते फुल्यांसारखे टाके दिसतात. आत दोन कापडांच्या मध्ये लोखंडाचे किंवा कच्च्या चामड्याचे छोटे षटकोनी तुकडे असतात, त्यांना किक्को म्हणतात. प्रत्येक तुकड्याच्या मध्यभागी चार भोकं. त्यांतून दोरा फुलीसारखा ओवून तुकडा कापडाला पक्का करतात. तुकडे लहान असल्याने गुडघा वाकला की ढालही वाकते. आणि दोऱ्याचा रंग मूळ कापडाहून वेगळा निवडला की याच टाक्यांची नक्षी होते. नक्षी वरून चिकटवलेली नाही, शिवण हीच नक्षी. या गोष्टीचा मी आजही तितकाच चाहता आहे.

आता आतली बाजू. घोट्याच्या वर, पायाच्या आतल्या अंगाला पट्ट्या आखूड केलेल्या असतात आणि त्यांच्या खाली कातड्याचा एक मोठा तुकडा शिवलेला असतो. रिकिबीचा पट्टा आणि घोड्याचं अंग जिथे घासणार नेमकं तिथे लोखंड काढून कातडं ठेवलेलं. बहुतेक वेळा हे हरणाचं कातडं. यावरून डावा पाय कुठला, उजवा कुठला हे लगेच कळतं. प्रदर्शनात दोन्ही पाय उलटे मांडलेले असतील तरी कातडं आत हवं एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

दुसरे दोन प्रकार थोडक्यात. त्सुत्सु सुनेआते म्हणजे तीन मोठे पत्रे बिजागरीने जोडलेले, घडी होणारे. आणि एत्चू सुनेआते, ज्याचं नाव होसोकावा तादाओकी या सरदाराच्या पदवीवरून आलं. हा तादाओकी १५६३ ते १६४६ या काळातला, १६०० सालच्या सेकिगाहाराच्या लढाईत लढलेला. त्याच्या पद्धतीच्या चिलखतात हलकेपणाला मान होता. या सुनेआतेला गुडघ्याची ढाल नाही आणि मागचं कापडही नाही, नुसत्या पट्ट्या आणि जाळी, खाली गुंडाळलेल्या क्याहान पट्ट्यांवर बांधायची. चिखलपाण्यात भिजून जड होईल असं त्यात काहीच नाही.

रंगकामाबद्दल पुढे प्रतिसादांत लिहीन.

---

माजघर

फार सुंदर लेख, गडवाट. शिवण हीच नक्षी हे वाचून पुन्हा फोटो शोधून पाहिले, खरंच पत्रा दिसत नाही. एक शंका. घालायचं कसं? एवढ्या नाड्या बांधायला मदतनीस लागत असेल ना? आणि रेशमी किनखाप घामाने कुजत नसेल का?

---

गडवाट

माजघर, मदतनीस असले तर बरं, पण एकट्याने चढवण्याच्या पद्धतीही लिहून ठेवलेल्या आहेत. अठराव्या शतकात एकट्याने चिलखत घालण्यावर सचित्र पुस्तकं छापली गेली, कारण १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडल्यावर लढाया थांबल्या आणि प्रत्यक्ष सवय असलेली माणसं उरली नाहीत. क्रम पायापासून सुरू होतो. आधी आतले कपडे आणि आखूड विजार, मग ताबी, क्याहान, वाराजी, मग सुनेआते, मग हाइदाते, नंतर हात, धड, आणि सर्वांत शेवटी मुखवटा आणि शिरस्त्राण. प्रत्येक जोडीत डावा आधी. चिलखताची पेटीच बसायला वापरायची. धड आधी चढवलं तर वाकून नडगीच्या नाड्या बांधता येत नाहीत, हे त्यामागचं साधं कारण. हाइदाते कमरेला बांधतात, आणि अनेकांत ते मांडीमागे फीत आणि गुंडीने अडकवायचीही सोय असते, नाहीतर पळताना ते फडफडतं.

घामाचं म्हणाल तर सुनेआते थेट कातडीला लागत नाही, मध्ये क्याहान असतं. शिवाय अस्तर तागाच्या जातीचं, ते घाम सोसतं. पण कालांतराने कापडच आधी जातं, यात शंका नाही. आज पट्ट्या टणक आहेत आणि इएजी जीर्ण झालंय अशा अनेक जोड्या संग्रहालयांत आहेत.

---

उभाआडवा

कापड आणि रंगाई हा माझा रोजचा विषय, म्हणून थोडी भर घालतो. जुन्या जपानी चिलखतांत काळ्या आणि गडद तपकिरी रंगाच्या रेशमी दोऱ्या सर्वांत आधी तुटतात. त्याच चिलखतातली निळी दोरी मात्र शाबूत असते. कारण रंगाच्या पद्धतीत आहे. काळा रंग टॅनिन आणि लोहाच्या संयोगातून येतो. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस वापरून काळा काढतात तीच रसायनं. लोह रेशमाच्या तंतूला आतून पोखरतं, काही शतकांनी दोरी हात लावताच भुगा होते. निळीला लोह लागत नाही. म्हणून काळ्या दोऱ्यांचं चिलखत अखंड आणि घट्ट दिसत असेल तर बहुतेक वेळा ते नंतर कधीतरी नव्याने ओवलेलं असतं. सुनेआतेच्या नाड्यांना आणि किक्कोच्या टाक्यांना हेच लागू.

---

गडवाट

उभाआडवा, हे सोनं आहे. मी निळ्या दोऱ्या टिकलेल्या पाहिल्या होत्या, पण कारण इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

---

शिलेदार

आपल्या चिलखताशी तुलना केल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे कड्यांचा अंगरखा असतो, तो स्वतःच वस्त्र. गोल कड्या एकमेकांत ओवलेल्या, चांगल्या कामात प्रत्येक कडीला खिळा. जपानी जाळी कापडावर शिवलेली, म्हणजे वजन कापडाने पेललंय. आणि मराठा स्वाराने पायाला असं काही बांधलेलं फारसं दिसत नाही. आपली सगळी मदार वेगावर.

दुसरा प्रश्न गोव्याबद्दल. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांच्या बंदुका पोचल्या, त्यांची ठेवण गोव्याच्या शस्त्रशाळेतल्या बंदुकांशी जुळते असं अनेक अभ्यासक मानतात. मग पोर्तुगीजांच्या संबंधातून युरोपचं पायाचं चिलखतही जपानने उचललं का?

---

गडवाट

शिलेदार, प्रश्न मोलाचा आहे. धड आणि शिरस्त्राण उचललं, पाय नाही उचलले.

गोव्याचा दुवा तर सरळच आहे. गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने १५८८ सालचं पत्र तेव्हाचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याला पाठवलं होतं. ते घेऊन जेझुइट वालिग्नानो १५९१ मध्ये क्योतोला त्याच्यासमोर हजर झाला, आणि सोबतच्या भेटींत मिलानची चिलखतं होती. ते पत्र क्योतोच्या म्योहोइन मंदिराकडे आहे, जपानचा राष्ट्रीय ठेवा म्हणून. युरोपी छातीचा पत्रा मधून धार आलेला, गोळी निसटवणारा. तो जपान्यांना आवडला आणि त्यांनी तसे पत्रे स्वतःही घडवले. अशा चिलखतांना नानबान गुसोकु म्हणतात. तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात साकाकिबारा यासुमासाचं एक आहे. १६०० च्या सेकिगाहाराआधी पुढे शोगुन झालेल्या तोकुगावा इएयासुने आपल्या या सरदाराला ते दिलं असं सांगितलं जातं. त्याचं धड आणि शिरस्त्राण युरोपचं, पण कुसाझुरीपासूनची पुढची जोडणी जपानी.

युरोपी पाय म्हणजे मांडीपासून पावलापर्यंत सांध्यासांध्यांत जोडलेले पत्रे, ज्याच्या त्याच्या मापाने घडवलेले. जपानी माणूस जमिनीवर मांडी घालून, गुडघे टेकून बसणारा, भातखाचरांतून आणि डोंगरातून गवती चपलांनी चालणारा. कापडावर बेतलेलं सुनेआते दुसऱ्याच्या पायालाही नाड्या आवळून बसतं, गुंडाळून पेटीत मावतं. युरोपी पाय घेऊन त्यांना काय मिळालं असतं? बंदुकीच्या गोळीची भीती धडाला आणि डोक्याला जास्त, म्हणून तिथला पत्रा बदलला. हे माझं मत आहे, पण जी चिलखतं उरली आहेत ती याच बाजूने बोलतात.

तुमच्या कड्यांच्या मुद्द्याला पूर्ण सहमती. कापडाने वजन पेलणं हाच जपानी पायाच्या चिलखताचा कणा आहे.

---

बागायत

सिंधुदुर्गातून वाचतोय. रंगकामाबद्दल लिहा ना. लाख वापरत होते का?

---

गडवाट

बागायत, आपली लाख किड्यापासून मिळते. जपानचं उरुशी हा झाडाचा चीक. दोन्ही पूर्ण वेगळे पदार्थ. उरुशीचं झाड आपल्या बिब्ब्याच्या आणि काजूच्या कुळातलं, म्हणून कच्चं उरुशी अंगाला लागलं तर बिब्बा उततो तसंच उततं, फोड येतात. तुमच्या भागात काजू सोलणाऱ्या बायकांच्या बोटांना जे होतं तेच.

उरुशी वाळतं तेही आपल्या कल्पनेच्या उलट. त्याला ऊन आणि कोरडी हवा नको, दमटपणा हवा. चिकात एक विकर (एन्झाइम) असतं, ते हवेतल्या ओलाव्यात काम करतं आणि थर घट्ट होतो. त्यामुळे रंगवलेले तुकडे दमट कपाटात ठेवून वाळवतात. लोखंडावर मात्र पहिला थर भाजून बसवायची पद्धत आहे. शंभर अंशांच्या वर तापवलं की उरुशी लोखंडाला असा धरतो की गंज आत शिरत नाही. त्यावर बारीक मातीची पूड मिसळलेला उरुशीचा लेप, घासणं, पुन्हा थर, पुन्हा घासणं. जपानच्या पावसाळी हवेत पायाचं लोखंड चारशे वर्षं टिकलं ते यामुळे.

रंगांत सर्वांत जास्त काळा. लाल हवा तर उरुशीत हिंगूळ. इएयासुचा सरदार ई नाओमासा याच्या फौजेचं संपूर्ण चिलखत लाल असे, पायांसकट. ताकेदा या सरदार घराण्याचा पाडाव १५८२ मध्ये झाल्यावर त्यांची माणसं ई घराण्याकडे आली आणि लाल रंगाची परंपराही सोबत आली. हिकोने किल्ल्याच्या संग्रहालयात ही चिलखतं आहेत. मला स्वतःला सर्वांत आवडतो तो गंजाच्या रंगाचा लेप. लोखंडाचा जुना तांबूस पोत उरुशीनेच आणलेला असतो, त्यामुळे वरून उघडं लोखंड वाटतं आणि आतून ते पूर्ण झाकलेलं असतं.

आणि तुमच्यासाठी एक खास. काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेला रंग जपानमध्ये गेल्या शतकाच्या मध्यापासून वापरात आहे. त्याला दमट कपाट लागत नाही, स्वस्तही पडतो. नव्याने बनवलेल्या चिलखतांच्या प्रतिकृतींवर, घरगुती देव्हाऱ्यांवर, मासेमारीच्या काठ्यांवर तो सर्रास असतो.

---

बागायत

टरफलाचं तेल असं कुठे जात असेल याची कल्पना नव्हती. आज घरात सगळ्यांना वाचून दाखवतो. बिब्ब्याचं उदाहरण दिल्याने आईलाही लगेच समजेल.

---

नेपथ्य

आम्ही एका नाटकासाठी सुनेआतेच्या जोड्या करणार आहोत. नटांना पायऱ्या चढायच्या, गुडघ्यावर बसायचं. लोखंड परवडणार नाही. काय करता येईल? आणि पायांवर नक्षी किती दाखवावी?

---

गडवाट

नेपथ्य, शिनो सुनेआते करा, पण सुरुवात पट्ट्यांपासून करू नका. आधी कापड. नटाच्या नडगीवर कागद गुंडाळून माप घ्या, पोटरीकडे मोकळी जागा सोडा, जाडं निळं सुती कापड दुहेरी शिवा. गुडघ्याच्या ढालीत षटकोनी तुकडे जाड चामड्याचे किंवा प्लास्टिकचे चालतील, पण मधली चार भोकं आणि फुलीचा टाका सोडू नका, लांबूनही तोच ओळखू येतो. दोन तुकड्यांत थोडी फट ठेवा, म्हणजे गुडघा वाकेल. पट्ट्या शेवटी. वरची नाडी गुडघ्याच्या लगेच खाली, खालची घोट्याच्या वर. वरची फार आवळली तर रक्त अडतं आणि नट लंगडेल. सैल सोडली तर सगळं घोट्यावर घसरतं. खाली क्याहान गुंडाळलं तर दोन्ही प्रश्न बरेच सुटतात.

नक्षी पात्रावर ठरवा. साधा पायदळी असेल तर त्याला धन्याने उसनं दिलेलं चिलखत मिळे. त्यात सुनेआते नसेल तरी चालेल, नुसतं क्याहान पुरे. सरदार असेल तर किनखापाचं कापड, पट्ट्यांच्या कडेला सोनेरी रेघ. नाटक एदो काळातलं, म्हणजे शांततेच्या दोन-अडीच शतकांतलं असेल तर सढळ हाताने सजवा. तेव्हा लोखंड ठोकून त्यात उठाव काढत, आणि आपल्या कोफ्तगरीसारखं, पृष्ठभागावर बारीक चरे पाडून त्यात सोन्याचांदीचा पत्रा दाबून बसवत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जुन्या धाटणीची हौस इतकी वाढली की ओयोरोईसारखी चिलखतं आणि मोठाल्या गुडघ्यांची सुनेआते पुन्हा घडवली गेली. लढायला नव्हे, मिरवणुकीला आणि दिवाणखान्याला. कारागिरी म्हणून ती अप्रतिम आहेत, पण त्यांवरून लढाईचा अंदाज बांधू नये.

कातड्यावर छाप हवा असेल तर सिंह आणि फुलांची वेलबुट्टी वापरा. अशा एका प्रसिद्ध छापात शोहेई ६ म्हणजे १३५१ ही तारीखच कोरलेली असते, आणि तो छाप पुढे कित्येक शतकं तसाच मारला गेला. त्यामुळे त्या तारखेवरून चिलखताचं वय ठरवता येत नाही.

---

शिलेदार

नेपथ्य, जमलं तर प्रयोगाआधी एक ताकेझाकी सुएनागाची गोष्टही वाचा. मंगोल स्वारीत, १२८१ मध्ये, हा शत्रूच्या जहाजावर चढायला निघाला आणि शिरस्त्राण जवळ नव्हतं. त्याने नडगीची सुनेआते काढली आणि डोक्याला बांधली. स्वतःच करवून घेतलेल्या चित्रगुंडाळीत त्याने हे लिहून ठेवलंय.

---

गडवाट

शिलेदार, बरं झालं आठवण केलीत. ती गोष्ट बांधणीच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. तेराव्या शतकातलं सुनेआते गुडघ्याच्या ढालीशिवायचं, वाकवलेल्या पत्र्यांचं. म्हणून ते कवटीभोवती बसू शकलं असावं. शंभर वर्षांनंतरचं, मोठ्या तातेआगेचं सुनेआते डोक्याला बांधणं अवघड गेलं असतं.

---

चाफेकळी

मी डॅलसमध्ये राहते, इथे बार्बिए-म्यूलर दांपत्याच्या संग्रहाचं सामुराई संग्रहालय आहे. धागा वाचून आता पाय बघायला जाणार. जोडी मूळची आहे की नंतर जमवलेली, हे काचेबाहेरून कळतं का?

---

गडवाट

चाफेकळी, बरंचसं कळतं. हात आणि पाय यांचं कापड एकच आहे का बघा. मूळ संचात कोतेचं, म्हणजे बाहीच्या चिलखताचं, हाइदातेचं आणि सुनेआतेचं इएजी बहुधा एकाच ताग्यातलं असतं. मग उरुशीचा पोत. धड गंजाच्या रंगाचं आणि नडगी चकचकीत काळी असेल तर शंका घ्या. हाइदातेच्या खालच्या भागात पट्ट्या कशा आहेत तेही पाहा. छोट्या खवल्यांच्या ओळी असतील तर तो इयो प्रकार, कौलांसारख्या वाकवलेल्या असतील तर कावारा. तोच आकार सुनेआतेत किंवा बाह्यांत पुन्हा आला असेल तर संच एका हातचा असण्याची शक्यता वाढते. कापड नवं असेल तर लगेच नाराज होऊ नका. उभाआडवा यांनी सांगितल्याप्रमाणे कापड मरतंच, आणि चांगले मालक दर काही पिढ्यांनी नवं इएजी शिवून घेत.

फोटो काढू देत असतील तर कृपया पायाच्या आतल्या बाजूचे काढा. पुस्तकांत सगळे समोरून काढलेले असतात आणि रिकिबीच्या कातड्याचा तुकडा कधीच नीट दिसत नाही. त्यावर घासल्याच्या खुणा दिसल्या तर ते चिलखत खरोखर घोड्यावर बसलं होतं.

---

चाफेकळी

नक्की काढते. पुढच्या आठवड्यात इथेच टाकेन.